एनएच फोर म्हणा, नाहीतर फोर्टी एट!

गुजरातच्या सीमेवरून आत, कर्नाटकच्या सीमेवरून बाहेर. महाराष्ट्रातल्या सगळ्यात बिझी रस्त्यावरची, एंड टू एंड भटकंती...

एक छोटीशी टेस्ट करून बघा. ऑफिसच्या कॉन्फरन्स कॉलवर चार मराठी माणसं असतील तर त्यांना विचारा, 'नॅशनल हायवे ४८ कुठे लागतो रे?' बोरिवलीचा म्हणेल, माहीत नाही बुवा. पनवेलचा गुपचूप गूगल मॅप्स उघडेल. वाकडचा ठोकून देईल, 'नागपूर साइडला ना?' आणि कोल्हापूरचा म्हणेल, 'ते अठ्ठेचाळीस-बिठ्ठेचाळीस सोड, आपल्याला एनएच फोर माहितीये!'

गंमत म्हणजे चौघंही गेल्याच आठवड्यात त्याच रस्त्यावरून जाऊन आलेले असतात. बोरिवलीकर त्याला 'अहमदाबाद हायवे' म्हणतो, पनवेलकर 'जुना हायवे', पुणेकर नुसतं 'बायपास' आणि साताऱ्यापासून पुढे सगळे 'पुणे-बेंगलोर रोड'. नावं चार, रस्ता एक.

दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत चेन्नईला पोचणारा हा सुमारे २,८०० किलोमीटरचा महामार्ग. पूर्वी याचे दोन तुकडे होते. दिल्ली-मुंबई म्हणजे एनएच ८ आणि ठाणे-चेन्नई म्हणजे एनएच ४. २०१० मध्ये सरकारने देशभरातल्या हायवेंचे नंबर बदलले. नवा फंडा सोपा आहे : उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. म्हणून मध्य भारतातून जाणारा श्रीनगर-कन्याकुमारी ४४, आपला ४८ आणि अगदी समुद्राला खेटून गोव्याकडे जाणारा ६६. पाट्या बदलल्या, जिभा बदलल्या नाहीत. रिक्षावाल्याला 'फोर्टी एटला सोड' म्हणून बघा, तो तुम्हाला बहुतेक फोर्टी एट रुपये सुटे मागेल!

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरी पुण्यात. त्यामुळे या रस्त्याचा एक तुकडा मला तोंडपाठ आहे. शुक्रवारी रात्री खाली, रविवारी संध्याकाळी वर. गणपती, दिवाळी, लग्नं, बारशी, मयत... सगळ्याला हाच रस्ता. पण पुण्याच्या वर तो कसा आहे, महाराष्ट्रात शिरतो तरी कुठून, ते कधी बघितलंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ठरवलं की एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायचाच. बायको म्हणाली, 'लोक लाँग ड्राइव्हला लडाखला जातात. तू तलासरीला?' आणि तरीही बॅग भरून गाडीत येऊन बसली.

तलासरी : पहिली पाटी

महाराष्ट्र सुरू होतो अच्छाडला. तालुका तलासरी, जिल्हा पालघर. सीमा म्हणजे तरी काय, ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या आणि गुजरातीतून मराठीत बदललेल्या पाट्या. हायवेवरून बघितलं तर इथे 'काही नाही'. ताशी ऐंशीच्या स्पीडने जाणाऱ्याला तसंही कुठेच काही दिसत नाही.

पण हा वारल्यांचा मुलूख आहे. ड्रॉइंग रूममध्ये आपण ज्या पांढऱ्या रेषांची फ्रेम लावतो, ती कला या पट्ट्यातल्या कुडाच्या भिंतींवरची. तिला जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे याच डहाणू तालुक्यातले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आणि याच तलासरी-डहाणूत १९४५ मध्ये वेठबिगारीच्या विरोधात वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो सगळा काळ लिहून ठेवलाय. हायवेच्या कडेला चिकू विकायला बसलेल्या बाईची आजी त्या सभांना गेली असेल, असं मनात आलं. विचारलं नाही. दोन किलो चिकू घेतले. घोलवडचे होते. साखरच!

चारोटी : सरळ रस्त्याची भीती

तलासरीहून मुंबईकडे येताना रस्ता मस्त सरळ आहे. इतका सरळ की स्टिअरिंगला काम नाही. डावीकडे महालक्ष्मीचा डोंगर दिसतो, मग चारोटी नाका, मग सूर्या नदीचा पूल.

४ सप्टेंबर २०२२ ला, रविवारी दुपारी, याच पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढच्या सीटवरचे दोघं वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे स्नेही गेले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावले नव्हते, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. गाडी कुठली होती? मर्सिडीज. एअरबॅग होत्या, सगळं होतं.

त्यानंतर देशभर मागच्या सीटच्या बेल्टवर चर्चा झाली. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सगळ्या प्रवाशांसाठी बेल्टची सक्ती केली. खरं म्हणजे नियम आधीपासूनच होता, फक्त कोणी पाळत नव्हतं. भौतिकशास्त्र मात्र कोणाची ओळखपाळख बघत नाही. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. मागे बसलेला माणूस ज्या वेगाने गाडी चालली होती त्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो. पूल ओलांडताना बायकोने मागे ठेवलेल्या लॅपटॉपच्या बॅगेलासुद्धा बेल्ट लावला. मी हसलो नाही.

पुढे मनोर, शिरसाड, वसईच्या खाडीवरचा वर्सोवा पूल, घोडबंदर, ठाणे, कळंबोली. या भागाबद्दल मी काही लिहीत नाही. तिथे आम्ही रस्ता बघितलाच नाही, समोरच्या टेम्पोचं मागचं दार बघितलं. साडेतीन तास!

बोरघाट : एकशे नव्वद वर्षांचा शॉर्टकट

पनवेलजवळ पळस्पे फाट्याला गोव्याचा ६६ वेगळा होतो. कळंबोलीहून एक्स्प्रेस-वे सुरू होतो. ९४.५ किलोमीटरचा, सहा पदरी, काँक्रीटचा, २००२ मध्ये पूर्ण झालेला. आपल्या पिढीच्या निम्म्या करिअर त्याच्या जिवावर झाल्या. पण तो ४८ नव्हे. ४८ म्हणजे शेजारचा जुना रस्ता : चौक, खालापूर, खोपोली, खंडाळा. बाइकवाल्यांना एक्स्प्रेस-वेवर बंदी आहे, त्यामुळे लोणावळ्याला बाइकने गेलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे.

हा घाट गाडीरस्ता म्हणून खुला झाला १० नोव्हेंबर १८३० ला. मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. त्याआधी मुंबईहून पुण्याला चाकांवर बसून सलग येताच येत नसे. घाट चढायचा तो पायी, घोड्यावर, नाहीतर पालखीत. रेल्वे घाट चढली ती त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये. त्या १८३० च्या रस्त्यावरचा अमृतांजन पूल परवापरवापर्यंत उभा होता. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता मोकळा मिळाल्यावर तो स्फोटाने पाडला.

जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. आख्यायिका अशी की इंग्रज इंजिनीअरांना घाटातून वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं विचारल्यावर तो म्हणाला, आमचं राज्य आम्हाला परत द्या. साहेबाने त्याला गोळी घातली. खरं-खोटं देव जाणे. पण अजूनही ड्रायव्हर मंडळी तिथून जाताना खिडकीतून नाणं टाकतात. मीही टाकलं. रूट प्लॅनिंग करणाऱ्या पहिल्या लोकल कन्सल्टंटची फी समजा!

बायपास : आपलाच अंगणातला हायवे

देहूरोड ते कात्रज हा तुकडा पुण्याच्या बाहेरून जावा म्हणून बांधला गेला. म्हणून तर तो 'बायपास'. आज वाकड, बालेवाडी, बाणेर, बावधन, वारजे, नऱ्हे, आंबेगाव... शहर उडी मारून त्याच्या पलीकडे गेलंय. दिल्ली-चेन्नई ट्रक आणि ऑफिसला उशीर झालेली स्कूटी एकाच लेनमध्ये, हे दृश्य बघायला कुठे लांब जायची गरज नाही.

चांदणी चौक आठवतो? ऑगस्ट २०२२ मध्ये साताऱ्याकडे निघालेले तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकले. आपण वर्षानुवर्षं अडकत होतो, त्याची बातमी होत नव्हती. मग चक्रं फिरली. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर जुना पूल स्फोटाने उडवला. आख्खं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. धूळ खाली बसली आणि पूल बऱ्यापैकी जागेवरच! उरलेला पोकलेनने पाडावा लागला. त्यावर आलेले जोक्स अजून कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतील. नवा चौक १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. आता पाट्या वाचता वाचता माणूस कोथरूडऐवजी मुंबईच्या दिशेला लागतो, तो भाग वेगळा.

नवले पुलाबद्दल मात्र जोक होत नाहीत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुण्याच्या दिशेने लांबलचक उतार लागतो. खाली शहर. काही ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतःच गाडीला मागे खेचत असतं. न्यूट्रल केलं की ती ओढ जाते, सगळं वजन ब्रेकवर येतं. ब्रेक तापतात. तापलेले ब्रेक धरत नाहीत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच उतारावरच्या अपघातात आठ जण गेले. मधल्या तीन वर्षांत पाट्या लागल्या, रम्बलर्स आले, मीटिंगा झाल्या. उतार होता तिथेच आहे. आणि त्याच्या पायथ्याशी दर शुक्रवारी रात्री आपल्यातली शेकडो पोरं-पोरी पाठीला सॅक लावून बेंगलोरच्या स्लीपर बसची वाट बघत उभी असतात.

खंबाटकी : दुसरे कम्यूटर

खेड शिवापूरचा टोल, नसरापूर, कापूरहोळ आणि मग शिरवळला नीरा नदी. इथे पुणे जिल्हा संपतो, सातारा सुरू होतो. पुढे खंबाटकी. साताऱ्याकडे जाताना आपण घाट चढतो; पुण्याकडे येताना बोगद्यातून येतो. बोगदा संपला की उतार, आणि उतारावर इंग्रजी 'एस'सारखं वळण.

१० एप्रिल २०१८ च्या पहाटे या एस वळणावर एक टेम्पो उलटला. १८ जण गेले. कर्नाटकातल्या विजापूरकडची मजूर कुटुंबं होती, शिरवळच्या एमआयडीसीत कामाला निघालेली. टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसलेली.

या बातमीवर मी दर वेळी अडतो. आम्हीही याच रस्त्याने कामाला येतो. कर्नाटकातून पुण्यात, पुण्यातून कर्नाटकात. आमच्या कम्यूटला 'पुणे-बेंगलोर आयटी कॉरिडॉर' म्हणतात, त्यावर लेख येतात, बसला ब्लँकेट आणि चार्जिंग पॉइंट असतो. तोच रस्ता, तीच पहाट, तेच पोटापाण्याचं कारण. फरक फक्त कशात बसलात याचा. त्या वळणाला फाटा देण्यासाठी खंबाटकीत नव्या जुळ्या बोगद्यांचं काम हाती घेतलं गेलं. आपण त्यातून जाऊ तेव्हा वाचलेल्या दहा मिनिटांचं कौतुक करू. ते बोगदे मुळात कशासाठी हवे होते, हे लक्षात राहिलं तर बरं.

पेठ नाका : अख्खा मसूर आणि एक वाक्य

खंबाटकी उतरलं की माझा रस्ता सुरू होतो. सुरूरला वाई-महाबळेश्वरचा फाटा. लिंबला वळलात तर बारा मोटांची विहीर, सातारच्या शाहू महाराजांच्या काळातली. जमिनीखालचा महालच म्हणा ना! सातारला कंदी पेढे. कराडला कोयना ओलांडायची. गावात प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात, तिथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. मोठ्या नेत्यांच्या स्मारकांना हल्ली उंची लागते. ही समाधी जमिनीलगत आहे आणि संध्याकाळी तिच्याभोवती पोरं भेळ खात बसलेली असतात.

कराड सोडलं की सांगली जिल्ह्याची चिंचोळी पट्टी लागते : कासेगाव, नेर्ले, पेठ नाका. इथे थांबायचं ते अख्ख्या मसुरासाठी. ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. न भरडलेला मसूर, कांदा-लसणाची चटणी, वर तेलाचा तवंग आणि ताटापेक्षा मोठी रोटी. शेजारच्या बाजेवर एक ट्रकवाला जेवत होता. तमिळनाडूतल्या नमक्कलचा. अहमदाबादहून माल भरून निघालेला, म्हणजे आमच्यासारखाच अच्छाडहून शिरलेला. मी विचारलं, या रस्त्यावर सगळ्यात डेंजर जागा कोणती? मला वाटलं खंबाटकी म्हणेल, बोरघाट म्हणेल.

तो म्हणाला, 'साब, घाट में सब जागता है. घाट के बाद सोता है.'

बस. रोड सेफ्टीवरची अनेक प्रेझेंटेशन्स मी बघितली आहेत, एकातही हे वाक्य नव्हतं. चारोटी सरळ रस्त्यावर आहे. नवले पूल बोगद्यानंतर आहे. एस वळण बोगद्यानंतर आहे. अवघड भाग संपला असं वाटतं, तिथेच हा रस्ता वसुली करतो.

शिरोली : रस्ता बंद आहे

वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. किणीचा टोल, हवेत गुऱ्हाळाचा वास, आणि मग शिरोली. शिरोलीजवळ पंचगंगेचा पूल. एरवी दोन मिनिटांत पार होतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये तो जवळपास आठवडाभर पार झाला नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. हायवेवर नदी आली. किणीकडून ट्रकांची रांग लागली. कोल्हापूरचं दूध मुंबई-पुण्याला पोचेना. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्याआधी २००५ मध्येही.

२०१९ ला मी पुण्यात होतो. डेस्कवर. समोर दोन मॉनिटर, एकावर कोड, एकावर न्यूज चॅनेल. आप्पांचा फोन लागायचा, तुटायचा. मी म्हटलं, निघतो मी, कराडपर्यंत येतो, पुढचं बघतो. ते म्हणाले, 'कशाला येतोस? रस्ताच न्हाई, येणार कुठनं? आम्ही काकांच्यात आलोय, वरच्या मजल्यावर हाय. जेवलास काय तू?' घरात छातीभर पाणी आणि माणूस विचारतोय, जेवलास काय!

चार दिवस तसेच काढले. सव्वादोनशे किलोमीटर म्हणजे चार तास, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की घर लांब आहे असं कधी वाटलंच नाही. घर लांब नव्हतंच. रस्ता होता म्हणून ते जवळ होतं, इतकंच.

पूर ओसरल्यावर गेलो तेव्हा आप्पांनी भिंतीवर पाण्याची रेघ दाखवली. मग मला बाहेर नेऊन हायवेचा भराव दाखवला. आप्पा इंजिनीअर नाहीत, आयुष्यभर दुकान चालवलं. पण त्यांचा मुद्दा साधा होता. नदी पसरायला जागा मागते. तिच्या वाटेत मातीचा उंच भराव टाकून त्यावर रस्ता केला की तो रस्ता पावसाळ्यात धरणाची भिंत होतो. पाणी अडतं ते वरच्या अंगाला गावात शिरतं. भरावाऐवजी खांबांवर पूल करा, खालून पाणी जाऊ द्या. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम निघालं तेव्हा पूरग्रस्त भागातून हीच मागणी झाली. महापुराला एकटा भरावच कारणीभूत असतो असं नाही. पाऊस आहे, धरणांचं पाणी सोडण्याचं वेळापत्रक आहे, नदीपात्रातली बांधकामं आहेत. पण रस्ता हाही त्या हिशेबातला एक आकडा आहे, आणि तो बदलणं माणसाच्या हातात आहे. खांबांचा पूल महाग पडतो, हे खरं. आठवडाभर बंद पडलेला दिल्ली-चेन्नई महामार्ग किती महाग पडतो, तेही एकदा मांडून बघायला हरकत नाही.

कागल : पुढे काय?

कोल्हापूरच्या पुढे जेमतेम वीस किलोमीटरवर कागल. राजर्षी शाहू महाराजांचं जन्मघराणं इथलं, कागलकर घाटग्यांचं. पंचतारांकित एमआयडीसीही इथलीच. हॉटेलं नव्हेत, कारखाने. मग दूधगंगा नदी आणि तिच्यापलीकडे कोगनोळीचा टोल नाका. कर्नाटक.

सीमा इथे दिसत नाही, ऐकूही येत नाही. टोलच्या अलीकडचा चहावाला मराठी बोलतो, पलीकडचाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत निपाणी, बेळगाव तिकडे गेले. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा. एरवी रोज हजारो गाड्या ही रेघ न बघता ओलांडतात. २०२१ मध्ये कोविडचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवल्याशिवाय इथून पुढे सोडत नव्हते, तेव्हा ती दिसली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला, बेळगावजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, एसटी गाड्या थांबल्या, तेव्हा पुन्हा दिसली. निपाणीला माझी मोठी आत्या असते. तिच्या दृष्टीने कोल्हापूर म्हणजे बाजाराला जायचं गाव. तिला विचारलं तर ती म्हणते, 'रस्ता सुरू असला म्हणजे झालं रे बाबा. राज्य कुणाचं का असंना.'

आम्ही नाक्याच्या अलीकडे गाडी थांबवली. ओडोमीटरवर अच्छाडपासून पाचशेच्या वर किलोमीटर झाले होते. या अंतरात आम्ही वारल्यांचा प्रदेश, एक महानगर, दोन घाट, सहा-सात नद्या आणि उसाचा समुद्र ओलांडला होता. समोरून बेंगलोरची स्लीपर बस पुण्याच्या दिशेने गेली. पडदे ओढलेले, आतली सगळी झोपलेली. सकाळी वाकडला उतरून लॉग-इन करतील.

चौकट : निघण्याआधी...

- वेळ : एंड टू एंड करायचं तर दोन दिवस ठेवा. पहिला मुक्काम लोणावळा किंवा पुणे. एका दिवसात होतं, पण मग दिसतं काहीच नाही.
- दिशा : अच्छाडहून कागलकडे या. खंबाटकीचा जुना घाट चढायला मिळतो. उलट्या दिशेने आलात तर बोगदा.
- टोल : पुण्याच्या खाली खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे, बॅलन्स बघून निघा.
- खाणं : घोलवडचे चिकू, सातारचे कंदी पेढे, पेठ नाक्याचा अख्खा मसूर, कोल्हापुरात मिसळ. याच क्रमाने. मिसळीनंतर ड्रायव्हिंग दुसऱ्याला द्या!
- पावसाळा : जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरला निघण्याआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका.
- बेल्ट : मागच्या सीटवरसुद्धा. 'जवळच तर जायचंय'वाल्यांनी आधी.
- थांबा : घाट संपला की पहिल्या टपरीवर गाडी बाजूला घ्या आणि एक कटिंग मारा. नमक्कलच्या त्या ड्रायव्हरचा सल्ला आहे, फुकट मिळालाय, वापरा.